एक कोयता, दोन माणसं

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

नोकरीच्या कामासाठी तीन-चार महिने बाहेरगावी जावं लागलं, तर बायकोला बरोबर नेता येतं का? आणि नेलं तर तिचा खर्च कंपनी देते का? हा प्रश्न अलीकडे बरेच तरुण विचारतात. पूर्वी आपल्याकडची शिकलेली मुलं शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक व्हायची. आता ती यंत्रं बसवायला, मोबाइलचे मनोरे उभारायला, पवनचक्क्यांची देखभाल करायला गावोगाव फिरतात. लग्न नवं असतं, मूल लहान असतं, आणि साहेब सांगतो, उद्या निघायचं, होळीनंतर परत यायचं. अशा वेळी हा प्रश्न मनात येणं साहजिक आहे.

आज याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. मात्र तो नंदुरबार जिल्ह्यात उभा राहून विचारला की त्याचं रूप पालटतं. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी जोडपी दरवर्षी दिवाळी झाली की मालकानं पाठवलेल्या गाडीत बसून पाच-सहा महिन्यांसाठी कामावर जातात. बायकोला नेऊ का, असं तिथे कुणी विचारत नाही. जोडी नसेल तर पूर्ण कामच मिळत नाही. मी बोलतो आहे ते ऊसतोडीबद्दल. पण ऊसतोडीकडे वळण्याआधी कचेरीतल्या माणसाचा नियम काय आहे तो पाहू. म्हणजे दोन्हींतला फरक नीट कळेल.

कचेरीतला हिशेब

सरकारी नोकरीत प्रवासाचे तीन प्रकार धरले जातात. पहिला दौरा. दौरा हा कामाचा प्रवास, म्हणून ज्याचं काम त्याचाच खर्च. भाडं, दैनिक भत्ता, राहण्याचा खर्च, सगळं एकट्या कर्मचाऱ्याचं. बायको बरोबर आली तर तिचं तिकीट आपल्या खिशातून. दुसरा प्रकार बदलीचा. बदली झाली की संसारच हलवायचा असतो. म्हणून बदलीच्या प्रवासात पती किंवा पत्नी आणि मुलं यांचं भाडं मिळतं, आणि घरसामान नेण्याचा खर्चही मिळतो. तिसरा प्रकार रजेतल्या प्रवासाचा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९५६ पासून रजा प्रवास सवलत मिळते. आपल्या राज्यात स्वग्राम आणि महाराष्ट्र दर्शन या नावांनी ती अनेकांच्या परिचयाची आहे. ही सवलत कुटुंबासाठीच असते.

खासगी कंपन्यांत नियम ज्याचे त्याचे असतात, पण तत्त्व साधारण हेच. परदेशी दीर्घ मुदतीची नेमणूक असेल तर पुष्कळ कंपन्या कुटुंबाचं भाडं देतात, कारण माणूस एकटा फार दिवस टिकत नाही, आणि अर्ध्यावर परत आला तर कंपनीचंच नुकसान होतं. व्यापारी जहाजांवरच्या वरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यांना काही काळ पत्नीला जहाजावर नेण्याची मुभा अनेक कंपन्या देतात. खलाशाला ती क्वचितच मिळते. आणि एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कामाच्या दौऱ्यावर बरोबर आलेल्या घरच्या माणसाचा खर्च मालकानं केला, तर आयकराचे नियम तो पगाराबरोबर मिळालेला लाभ धरतात आणि त्यावर कर बसतो. म्हणजे कायद्याच्या नजरेत ती मेहेरबानी आहे, कामाचा भाग नाही.

या सगळ्या नियमांच्या मुळाशी एकच विचार आहे. खर्च कुणी करायचा, हे तो प्रवास कुणाच्या गरजेचा आहे यावरून ठरतं. बायको निव्वळ सोबतीला आली तर खर्च तुमचा. तिच्या येण्यानं मालकाची सोय होत असेल तर थोडा किंवा सगळा मालकाचा. हा विचार मनात ठेवा आणि आता ऊसाच्या फडात चला.

कोयता म्हणजे काय?

कोयता हे ऊस तोडण्याचं हत्यार, हे आपण सगळे जाणतो. पण ऊसतोडीच्या धंद्यात कोयता म्हणजे माणसं मोजण्याचं माप आहे. मुकादमाच्या टोळीत वीस कोयते आहेत असं म्हटलं, तर तिथे चाळीस माणसं आहेत. एक कोयता म्हणजे एक जोडी, आणि ती बहुतेक वेळा नवरा-बायकोची. एकटा पुरुष किंवा एकटी बाई आली तर तो अर्धा कोयता. मग त्याची कुणा भावाशी, बहिणीशी, वहिनीशी जोडी लावून माप पुरं करतात. मराठवाड्यात हीच भाषा आहे आणि दक्षिण गुजरातच्या फडांतही हाच शब्द चालतो.

आता ही जोडी का लागते ते पाहा. पुरुष बुडख्याशी वाकून ऊस तोडतो, शेंडा छाटतो. बाई ऊस गोळा करते, पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. पुष्कळ बायका स्वतः तोडतातही. मजुरी टनावर असते, दिवसावर नसते. एक जोडी दिवसाला दीड टनाच्या आसपास ऊस तोडते असं धरा. मोळी १५ किलोची धरली तर दीड टनाला १०० मोळ्या होतात. म्हणजे रोज शंभर वेळा वाकायचं, उचलायचं, चालायचं आणि फळीवरून गाडीत चढायचं. हे काम मालकाच्या हिशेबात अर्धं असतं. ज्याच्या नावावर टन चढतात तो मात्र पुरुष.

याखेरीज तिचं आणखी एक काम असतं, ते कुणाच्याच हिशेबात नसतं. ऊसाच्या पाचटाची किंवा प्लॅस्टिकची कोपी बांधायची, पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायची, पाणी आणायचं, पोराला पाजायचं, मग फडात जायचं. रात्री अवेळी गाडी आली तर भरायला पुन्हा उठायचं. कारखान्यानं बाहेरून एकटे पुरुष आणले असते तर त्यांच्यासाठी खानावळ उभारावी लागली असती. इथे खानावळही जोडीबरोबरच येते.

नंदुरबारहून बारडोलीकडे

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती, आणि शंभरातले ६९ जण अनुसूचित जमातींचे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशी ही माणसं. सहा तालुक्यांपैकी अक्राणी आणि अक्कलकुवा तर सातपुड्याच्या डोंगरातच वसलेले. डोंगरउतारावरची शेती बहुतेक पावसाची. ज्वारी, मका, उडीद घरात आला की शेतात पुढच्या मृगापर्यंत काम नाही. शहाद्याकडे पुरुषोत्तमनगरला सातपुडा कारखाना आहे, नवापूर तालुक्यात डोकाऱ्याला आदिवासी सहकारी कारखाना आहे, पण सगळ्यांना पुरेल इतकं काम जिल्ह्यात नाही. मग माणसं पश्चिमेला उतरतात. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, हे आपल्याला कौतुकानं सांगितलं जातं. मजुराला ती सीमारेषा जाणवतही नाही. ती त्याला पुढे, कायद्याच्या कामात जाणवते.

सोनगड, व्यारा ओलांडलं की बारडोली. तिथून मढी, चलथाण, सायण, कामरेज, गणदेवी अशी सहकारी साखर कारखान्यांची रांग लागते. हा ऊस तिथे आला तो तापीच्या पाण्यावर. आधी काक्रापारचा बंधारा झाला, पुढे १९७२ मध्ये उकाईचं धरण. त्या उकाईच्या जलाशयात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांत आपल्या बाजूची गावंही होती. वरच्या अंगाची जमीन पाण्याखाली गेली, त्या पाण्यावर खालच्या अंगाला ऊस पिकला, आणि तो तोडायला माणसं पुन्हा वरूनच गेली.

या मजुरांचा अभ्यास यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकापासून केला. बारडोलीच्या साखर कारखान्यांवरचा त्यांचा लेख १९७८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी एक मुद्दा फार ठळकपणे मांडला. बारडोलीच्या परिसरात मजुरांची वाण नव्हती. हळपती समाजाचे भूमिहीन शेतमजूर तिथे मोठ्या संख्येनं होते, आणि हंगामात कामाच्या शोधात तेही बाहेर जात होते. मग खानदेशातून माणसं का आणायची? बाहेरचा माणूस पडावावर राहतो. रात्री दोनला उठवलं तरी उठतो. त्याला जायला दुसरं घर नसतं, गावातला कुणी त्याच्या बाजूनं बोलत नाही. आणि त्यानं उचल घेतलेली असते, त्यामुळे हंगाम संपेपर्यंत तो हलत नाही.

बायकोला बरोबर आणण्यानं ही पकड आणखी घट्ट होते. बायको गावी असेल तर नवऱ्याला घरची ओढ लागते. मूल आजारी पडलं की तो निघतो, मनिऑर्डर करायची म्हणून पैसे मागतो. जोडी बरोबर असली की घरच फडात येतं. उचलीला तारण म्हणून एकाऐवजी दोन माणसं राहतात.

हे सगळ्याच धंद्यांत असं झालं नाही, हेही ध्यानात घ्यावं. मुंबईच्या कापड गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून पुरुष गेले. बायका गावी राहिल्या, शेती सांभाळली, मनिऑर्डरची वाट पाहिली. गिरणी कामगार खोलीत दाटीवाटीनं राहिला आणि खानावळीत जेवला. गिरणीला जोडीची गरज नव्हती, म्हणून जोडीचा विचारही तिनं केला नाही. याच्या उलट मॉरिशससारख्या वसाहतींतल्या ऊसमळ्यांकडे एकोणिसाव्या शतकात इथून गिरमिटिया मजूर नेले, तेव्हा शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया नेल्या पाहिजेत असा नियम पुढे झाला. मजूर तिथे टिकावा हा त्यातला एक हेतू होता. बायकोला बरोबर न्यायचं की नाही, हे गरिबाच्या बाबतीत फार पूर्वीपासून मालकाच्या सोयीनं ठरत आलं आहे.

गाडीचं भाडं कुणाच्या खात्यात?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही जोडी जाते ती कुणाच्या खर्चानं? वरवर पाहिलं तर मालकाच्या. गाडी मुकादम पाठवतो, पैसे आगाऊ देतो, पडावावर धान्य देतो. पण यातला प्रत्येक पैसा शेवटी कुणाच्या खात्यात टाकला जातो, ते पाहायला हवं.

एक साधा हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. दर आणि उचल ठिकाणाप्रमाणे वेगळी असते. समजा, टनाला ४०० रुपये दर आहे आणि जोडी रोज दीड टन तोडते. दिवसाचे झाले ६०० रुपये, म्हणजे माणशी ३००. पाच महिन्यांत कामाचे दिवस १२० धरले तर एकूण मजुरी ७२,००० रुपये. पावसाळ्यात लग्नकार्याला, आजारपणाला, बियाण्याला म्हणून घेतलेली उचल ४०,००० रुपये. हंगामात दर आठवड्याला धान्य आणि वरखर्चाला मिळालेली रक्कम १,८०० रुपये, वीस आठवड्यांचे ३६,०००. दोन्ही मिळून ७६,०००. पाच महिने दोघांनी राबून हातात काही नाही, उलट अंगावर ४,००० रुपये फिरले. दक्षिण गुजरातच्या फडांत उचलीची दीडपट वसुली होत असल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. ती लावली तर वर २०,००० चढतात आणि बाकी २४,००० होते. त्यात आजारपणाचे खाडे धरलेले नाहीत, गाडीच्या भाड्याची कापणीही धरलेली नाही. ही बाकी पुढच्या वर्षीची उचल होऊन बसते, आणि दिवाळीनंतर जोडी पुन्हा त्याच गाडीत चढते.

म्हणजे नाव मालकाच्या खर्चाचं आणि भार मजुराच्या अंगावर. त्यातही मोठी गोष्ट अशी की ही उचल नवऱ्याच्या नावावर असते, अंगठा त्याचा असतो, हिशेब त्याच्याशी होतो. मात्र ती फेडताना बाईचे अर्धे टन त्यात जातात. कर्जावर तिची सही नसते आणि मजुरीवर तिचं नाव नसतं.

कचेरीतल्या कर्मचाऱ्याची बायको बायको म्हणून जाते, म्हणून तिच्या भाड्याचा वाद होतो. ऊसतोडीतली बाई मजूर म्हणून जाते, पण कागदावर ती बायकोच राहते. माझ्या मते सगळी गोम इथे आहे.

मुलं आणि प्रकृती

जोडी निघाली की मुलांचा प्रश्न येतो. थोडी मोठी मुलं आश्रमशाळेत राहतात, आणि आपल्या जिल्ह्यात आश्रमशाळांचा हा फार मोठा आधार आहे. काही आजी-आजोबांजवळ राहतात. हंगामी वसतिगृहं आणि कारखान्यांजवळच्या साखरशाळा हे उपाय महाराष्ट्रात झाले, कुठे चांगले चालले, कुठे हंगाम अर्धा सरल्यावर सुरू झाले. अंगावर पिणारं मूल मात्र आईबरोबरच जातं. फडाच्या कडेला झोळीत ते झोपतं. अंगणवाडीचा आहार, लसीचा दिवस, वजनाची नोंद, सगळं गावी राहतं. सातपुड्यातल्या कुपोषणाबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. त्यातला एक धागा या स्थलांतरात आहे.

जोडीच्या सक्तीचा परिणाम बाईच्या शरीरावर काय होतो, ते बीड जिल्ह्यात दिसलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचं २०१९ मध्ये उजेडात आलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यामागे अनेक कारणं आहेत, पण एक कारण बायकांनी स्वतः सांगितलं. पाळीच्या दिवसांत विसावा घेतला तर खाडा पडतो, आणि खाडा दोघांना पडतो, कारण कोयता अर्धा राहिला. हे बीडचं झालं. आपल्या बाजूच्या बायकांची अशी मोजदाद व्हायला हवी. नवं लग्न करून पूर्ण कोयता होण्याची घाई हाही याचाच भाग. मुलगी अठराची होण्याआधीच तिची जोडी लावली जाते.

कायदा काय सांगतो?

परराज्यात कामाला नेलेल्या मजुरांसाठी १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. त्याची कलमं वाचली तर आपला मूळ प्रश्न तिथे सोडवलेला दिसतो. घरापासून कामाच्या जागेपर्यंत जाण्याचं आणि परत येण्याचं भाडं ठेकेदारानं द्यायचं. प्रवासाचे दिवस कामाचे धरून त्यांची मजुरी द्यायची. शिवाय घर सोडावं लागतं म्हणून विस्थापन भत्ता, महिन्याच्या मजुरीच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांतला जो जास्त तो. प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं, त्यात दर, उचल, कपात लिहायची. ही सगळी तरतूद मजूर म्हणून नेलेल्या प्रत्येकासाठी होती. बाई मजूर म्हणून नोंदली गेली असती तर तिचं भाडं वेगळं, तिचा भत्ता वेगळा, तिचं पासबुक वेगळं. एका कोयत्याला दोन पासबुकं. फडावर ती किती जणांच्या हाती पडली, हे ज्यानं त्यानं गावात विचारून पाहावं.

हा कायदा आता राहिला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि स्थलांतरितांचा विषय व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती या संहितेत गेला. जिथे असे दहा किंवा अधिक कामगार आहेत तिथे ती तरतूद लागू होते. महिन्याला १८,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले, आणि ठेकेदारामार्फत न येता स्वतः आलेले कामगारही तिच्यात येतात. विस्थापन भत्ता गेला. वर्षातून एकदा गावी जाण्या-येण्याच्या भाड्याची रक्कम मालकानं द्यायची ही तरतूद आहे, पण त्यासाठी किमान सेवेची अट लागू शकते. म्हणजे बाईनं किती दिवस काम केलं याची नोंद तिच्या स्वतःच्या नावावर नसेल, तर भाड्याचा हक्क सिद्धच करता येणार नाही.

एक तरतूद मात्र जुन्या कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे, ती प्रत्येक टोळीपर्यंत पोचायला हवी. ठेकेदारानं किंवा मालकानं स्थलांतरित कामगाराला दिलेलं कर्ज कामाची मुदत संपल्यावर फिटलेलं नसेल, तर ते संपलं असं कायदा मानतो. त्याच्यासाठी दावा लावता येत नाही. आपल्या हिशेबातली ४,००० किंवा २४,००० ची बाकी कायद्याच्या दृष्टीनं पुढच्या वर्षाच्या वहीत जाऊच शकत नाही. आणि बाकीसाठी माणसाला अडवून ठेवणं हा तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे.

बाईचं नाव वेगळं लिहिलं की काय होतं, याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमीची कामं उभी राहिली, तेव्हा हजेरीपटावर बाईचं नाव तिचं तिचं लागलं आणि मजुरी तिच्या हातात पडली. त्याच वर्षी शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा भिल्ल कार्यकर्ता त्या चळवळीत पुढे होता, आणि जमिनीच्या व मजुरीच्या लढ्यात बायका बरोबरीनं उतरल्या. पुढे दारू आणि मारहाणीविरुद्धही त्याच उभ्या राहिल्या. आपल्या जिल्ह्याला हा वारसा आहे.

ऊसतोडीत दरवाढीचे करार होत आले आहेत. महाराष्ट्रात जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती हवीच होती. पण दर कितीही वाढला तरी तो कोयत्याचा दर आहे. कोयत्याच्या आत बाईचा वाटा किती, हे करारात लिहिलेलं नसतं.

निघण्यापूर्वी

यंदाही जोडपी जातील. जाऊ नका असं सांगण्याचा अधिकार ज्याच्याकडे गावात देण्यासारखं काम आहे त्यालाच. पण जाताना काही गोष्टी करता येतात.

मुकादमाशी बोलणी होताना बाईनं समोर बसावं. उचल किती, कुणाला, व्याज आहे की नाही, टनाचा दर काय, गाडीचं भाडं कापणार का, हे एका वहीत लिहून घ्यावं आणि दोघांची नावं घालावीत. लिहिता येत नसेल तर आश्रमशाळेत शिकणाऱ्या मुलीकडून लिहून घ्यावं. तिच्याइतकी चांगली कारकून मिळायची नाही. पडावावर रोजच्या गाड्या, वजन आणि दोघांचे दिवस त्याच वहीत मांडावेत. ई-श्रमची नोंदणी नवऱ्याची वेगळी आणि बायकोची वेगळी करावी. बँकेत खातं दोघांचं स्वतंत्र असावं, आणि शेवटची बाकी निम्मी-निम्मी मागावी. मुकादम लगेच कबूल होणार नाही. पण टोळीतल्या वीस कोयत्यांनी एकदम मागितली तर त्याला ऐकावं लागेल, कारण ऐन हंगामात वीस कोयते दुसरीकडून आणणं त्यालाही सोपं नाही.

रेशनचं धान्य गुजरातमध्ये घेता येतं, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालवण्याची सुरुवात ज्या दोन जोड्यांनी झाली, त्यांतली एक महाराष्ट्र आणि गुजरात ही होती. गावी म्हातारी माणसं असतील तर त्यांच्या वाट्याचं धान्य इथे आणि आपल्या वाट्याचं तिथे उचलता येतं. मुकादमाकडून खात्यावर घेतलेल्या धान्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं, आणि वर मांडलेल्या ३६,००० रुपयांतला काही भाग वाचतो. गरोदर बाईनं आणि लहान मुलाच्या आईनं आरोग्याचं कार्ड बरोबर ठेवावं आणि अंगणवाडी ताईला आपण कुठल्या कारखान्याकडे जातो ते सांगून जावं.

ग्रामपंचायतीनं जाणाऱ्यांची नोंदवही ठेवावी. त्या वहीत एक सुधारणा करावी. सध्या जिथे अशा नोंदी होतात तिथे कुटुंबप्रमुखाचं नाव आणि पुढे "सोबत पत्नी" असं लिहिण्याची सवय आहे. त्याऐवजी दोन ओळींत दोन नावं लिहावीत आणि दोन्हींपुढे काम म्हणून ऊसतोड मजूर असं लिहावं. त्याला पैसा लागत नाही, शासनाचा निर्णय लागत नाही. परतीचं भाडं, बाळंतपणाची मदत, अपघाताची भरपाई, यांतलं काहीही मागायची वेळ आली तर पहिला पुरावा तीच ओळ असेल.